नाव सांगा, वस्ती सांगा

पेपरात चार ओळी आल्या. बोरवाळे ग्रामपंचायतीचे शिपाई तथा पाणीपुरवठा कर्मचारी वाल्मीक सुरवाडे, वय चौपन्न, एक मेपासून बेपत्ता; अंगात खाकी शर्ट, पायात चप्पल; कुणाला आढळल्यास कळवावे. त्या ओळींत खोटं काही नव्हतं. बातमीदारानं मला फोन करून विचारलं होतं, माणूस कसा होता? मी म्हणालो, साधा होता. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. सहा वर्षं ज्या माणसाच्या हातचा चहा प्यायलो, त्याच्याबद्दल मला एवढंच सुचावं!

मी त्या गावचा ग्रामसेवक. हल्ली आमच्या पदाचं नाव बदलून मोठं केलंय, काम तेच, शिव्याही त्याच. गावात मला भाऊसाहेब म्हणतात. योगराज हे माझं नाव आधारकार्डापुरतं उरलंय. घर जळगावला, चार्ज दोन गावांचा, त्यामुळे बोरवाळ्याला मी आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलवर जातो. बाकीचे चार दिवस ग्रामपंचायत म्हणजे वाल्मीकभाऊच. सकाळी सहाला नळाचा व्हॉल्व्ह सोडायचा, दहाला ऑफिस झाडायचं, दिवसभर कागद इकडून तिकडे न्यायचे आणि चारला सायकलवर टांग टाकून गिरणा नदीकाठच्या विहिरीवर मोटार बघायला जायचं. उंच, वाळका माणूस. आवाज मात्र असा, की सभेची दवंडी द्यायला आम्ही कधी भोंगा लावला नाही.

आणि एक खोड. खोडच म्हणतो, कारण तेव्हा आम्ही सगळे तीवर हसायचो. ग्रामसभेत कुणी बोलायला उठलं की वाल्मीकभाऊ हात वर करून त्याला थांबवायचे. "नाव सांगा, वस्ती सांगा, मग बोला." वीस-पंचवीस माणसं जमलेली, सगळी एकमेकांच्या लग्नात जेवलेली, तरी सांगावंच लागायचं. ऐंशीच्या घरातले एक आबा एकदा चिडले.

"अरे वाल्मीक, तू माले वळखत नही का?"

"मी वळखस आबा, पन वही वळखत नही."

वही म्हणजे इतिवृत्ताची वही, सभेत काय झालं ते लिहायची. तिच्याशी वाल्मीकभाऊंचं जुनं भांडण होतं. ग्रामसभा कशी होते हे ज्यांनी फक्त भाषणांत ऐकलंय त्यांच्यासाठी सांगतो. पुरेशी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला माणसांच्या आकड्याची अट नसते, ठराव पटापट होतात, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई वही काखोटीला मारून घरोघर सह्या गोळा करत फिरतो. कुणी दळण निवडताना सही करतं, कुणी दात घासताना. वाचत कुणीच नाही. सगळीकडे असंच चालतं आणि मीही तसंच चालवलं, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

माझ्या आधीच्या ग्रामसेवकाच्या काळात अशाच एका वहीत बौद्धवाड्यातली मंजूर गटार दुसऱ्या गल्लीत हलवायचा ठराव होता. 'वस्तीतील ग्रामस्थांची हरकत नाही' असं खाली लिहिलेलं. त्याखाली पहिली सही भागाबाई वाल्मीक सुरवाडे यांची, नवऱ्यानं वही पुढे धरली म्हणून चुलीपुढून उठून केलेली. पावसाळ्यात त्यांच्याच दारात गुडघाभर घाण पाणी साचलं, तेव्हा दोघांना कळलं की आपण कशावर सही केली. भागाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, तुम्ही आणलेल्या कागदाला यापुढे मी हात लावणार नाही. लावलाही नाही. चौदा वर्षं झाली. ही गोष्ट वाल्मीकभाऊंनी मला हसत सांगितली होती, पण सांगताना कप विसळायचं थांबले होते.

तर मागच्या जुलैत वरून पत्र आलं. नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी असलेल्या मतदारांनाही सभा घरबसल्या बघता यावी, म्हणून ग्रामसभेचं मोबाईलवरून थेट प्रक्षेपण करावं. मोबाईल कुणाचा आणि नेट कुणाचं, हे अर्थातच पत्रात नव्हतं. सरपंच हितेंद्रआप्पा म्हणजे कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. ते म्हणाले, "लावा एका कोपऱ्यात, कोण बघतंय!" मीही पत्र फाईलला लावून मोकळा झालो असतो. पण वाल्मीकभाऊंनी ते माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे सभेत कोण होतं न कोण नव्हतं, हे बाहेरच्यांना दिसणार?"

"दिसणार."

"मग घरोघर सह्या नकोत?"

मी म्हणालो, "बघू." ते मात्र त्याच दिवशी कामाला लागले. मुलगी प्रज्ञा धुळ्याला एका खासगी दवाखान्यात नर्स, तिचा जुना मोबाईल यांच्याकडे होता. घरात तेवढा एकच. ठिबकच्या कामातून उरलेले पाइपाचे तुकडे जोडून त्यांनी मोबाईलसाठी तीन पायांचं स्टँड बनवलं. पंधरा ऑगस्टच्या सभेला ते टेबलासमोर उभं राहिलं आणि मागे स्वतः वाल्मीकभाऊ, धुतलेल्या खाकी शर्टात.

सात जण बघत होते. सातच, पण भाऊंचा आनंद गगनात मावेना. पडद्यावर नाव उमटलं की मोठ्यानं वाचायचे. "सुरतहून आपले नवीनभाऊ बघताहेत, रामराम. धुळ्याहून आमची प्रज्ञा बघतेय, जयभीम बेटा. प्रज्ञा तिथं दवाखान्यात नर्स आहे बरं का, सकाळची ड्युटी सोडून बघतेय." लोक हसले. मीही हसलो. आणि 'नाव सांगा, वस्ती सांगा' याला तर आता धारच आली. "बाहेरचे बघताहेत, त्यांना कसं कळणार कोण बोलतंय? घराची खूण सांगा." मग लोकही हौसेनं सांगू लागले, मारुतीच्या पाराजवळचं, पिठाच्या गिरणीशेजारचं, पत्र्याचं, दुमजली.

दोन ऑक्टोबरला तर कमाल झाली. सुरतेच्या कापड मिलमधून नवीननं लिहिलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला दोन वर्षं कुलूप आहे, किल्ली कुणाकडे? वाल्मीकभाऊंनी ते जसंच्या तसं वाचलं. गुरुजींचा चेहरा सगळ्या गावानं आणि सुरतेनं पाहिला. दुपारी कुलूप निघालं. पुढचे आठ दिवस गावात वाल्मीकभाऊंचा रुबाब बघण्यासारखा होता. मला एवढंच खटकलं, की बघणाऱ्यांच्या यादीत एक नाव पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत असायचं. फोटो नाही, गाव नाही, नुसतं 'शेतकरी'. ना कधी रामराम, ना कधी एक शब्द. भाऊ त्यालाही रामराम करायचे. "शेतकरीदादा आले, या." मी म्हटलं, हा कोण? ते म्हणाले, "कोणी का असेना, बघतोय ना!"

जानेवारीच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी यायला लागलं. वाल्मीकभाऊ विहिरीवरून आले ते थेट माझ्या टेबलापाशी. पाण्याची विहीर नदीच्या पात्रालगत आहे, सिमेंटची गोल कडी एकावर एक बसवलेली, भोवती वाळू. वाळू आहे तोवर विहीर उभी. आणि आता ती भोवतालची वाळूच ट्रॅक्टरवाले उचलत होते. मी म्हणालो, लेखी द्या. त्यांनी लेखी दिलं. मी ते वर कळवतो म्हणालो आणि फाईलला लावलं. वर कळवलं नाही. ट्रॅक्टर कुणाचे हे मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं आणि वरच्यांनाही ठाऊक होतं, मग कळवायचं कुणाला? शिवाय मी त्यांना बजावलं, "वाल्मीकभाऊ, तुम्ही कर्मचारी आहात. सभेत तुम्ही बोलायचं नाही." हे मात्र नियमानंच सांगितलं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, सभा सुरू झाली, अकरा जण ऑनलाइन आले. विषय संपत आले तेव्हा बायकांच्या बाजूनं भागाबाई उठल्या. सहा वर्षांत या बाईला मी सभेत उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि स्टँडमागून सवयीचा हात वर गेला.

"थांबा. नाव सांगा, वस्ती सांगा."

सभागृहात हशा पिकला. मागून कुणी ओरडलं, "नाव ले वं, भागा!" भागाबाईंनी पदर सारखा केला, नवऱ्याकडे बघून डोळे बारीक केले आणि मोबाईलकडे तोंड करून म्हणाल्या, "मी भागाबाई वाल्मीक सुरवाडे. घर बुद्धविहारना मांगे, निळं दार. शिपाई माले वळखत नही, म्हनीसन सांगनं पडस."

पुन्हा हशा. वाल्मीकभाऊसुद्धा हसत होते. मग ती बाई बोलू लागली आणि हसू आपोआप थांबलं.

"आपली पानीनी इहीर शे नदीवर, तिना तीन कडा उघडा पडी ग्यात. महिना पह्यले येकबी दिखत नव्हता. इहीरथून सात पावलंवर खड्डा शे, मानूस बुडी इतला. रोज पाच ट्रॅक्टर येतस. बठ्ठासले, आख्खा गावले माहीत शे, कोनी बोलत नही. उद्या इहीर बसनी ते बठ्ठं गाव काय पिई?"

हितेंद्रआप्पांनी मान डोलावली, मी वहीत 'पाणीपुरवठा विहिरीबाबत चर्चा झाली' असं लिहिलं आणि सभा संपवली. पावलं मोजायला भागाबाई नदीवर गेल्या नव्हत्या. ती कुणी मोजली असतील हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं. अकरा जणांनी बघितलं असतं आणि विसरले असते. पण जळगावच्या कुणा टवाळखोरानं नवऱ्यानं बायकोला नाव विचारलं तेवढाच तुकडा कापला, खाली गमतीचं गाणं टाकलं आणि सोडून दिला. चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिला. लोक हसत होते, एकमेकांना पाठवत होते. विहिरीचं बोलणं त्यात नव्हतंच. त्यात होतं भागाबाईंचं तोंड, त्यांचं पूर्ण नाव, बुद्धविहारामागचं घर आणि निळं दार. वाल्मीकभाऊंनी मला तो तुकडा कौतुकानं दाखवला. मला कसंसंच झालं. तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीत? नाही बोललो.

पाचव्या दिवशी अभिमननाना ऑफिसात आले. शेजारच्या गावचे, पन्नाशीचे, पांढरे कपडे, पांढरी जीप. नदीतले ट्रॅक्टर त्यांचेच. या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. खुर्चीवर बसले, माझ्या मुलांची चौकशी केली आणि वाल्मीकभाऊंनी पुढे केलेला चहा दोन्ही हातांनी घेतला.

"फार चांगलं काम करता तुम्ही, वाल्मीकभाऊ. मी पहिल्या सभेपासून बघतो. लिहीत काही नाही, नुसता बघतो."

भाऊंच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"अक्का छान बोलल्या. पावलं मोजून सांगितली. निळा रंगही चांगला दिसतो दाराला, आमच्या पोरांनी लगेच ओळखला." एक घोट घेतला. "आणि लेक तुमची धुळ्याला. सकाळची ड्युटी असते म्हणालात ना तुम्ही? एकटी पोरगी, परका गाव. काळजी वाटते हो आपल्याला." मग कप खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, अक्कांचा थोडा गैरसमज झालाय. एक मेच्या सभेत तेवढं सांगून टाकतील. इथंच, मोबाईलसमोर. नाव, वस्ती आणि मग बोलणं, तुमच्या पद्धतीप्रमाणे."

ते गेल्यावर वाल्मीकभाऊंनी नानांचा उष्टा कप उचलला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, हे सगळं मीच सांगितलं हो. मीच."

फेब्रुवारीत धुळ्याच्या दवाखान्यात एक माणूस आला. केसपेपर काढला, रक्तदाब मोजून घेतला आणि पट्टी सोडणाऱ्या प्रज्ञाला म्हणाला, "सिस्टर, तुमची आई फार छान बोलते." पुढच्या मंगळवारी पुन्हा आला, तेच म्हणाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसराच माणूस आला, वाक्य तेच. पोरीनं फोन केला. वाल्मीकभाऊ पोलीस ठाण्यात गेले, मला सोबत घेऊन गेले. तिथल्या साहेबानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "धमकी काय दिली?" आम्ही सांगितलं. साहेब म्हणाले, "ही तर स्तुती झाली. आता स्तुती केल्याची तक्रार कशी लिहून घेऊ?" बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, जाऊ द्या भाऊ, दोन वाक्यं तर बोलायची आहेत, अक्कांना समजवा. मला त्या पोरीची खरंच काळजी वाटत होती. स्वतःचीही वाटत होती. कुणाची जास्त, ते आज विचारू नका.

मार्चअखेर चौथं कडं उघडं पडलं. भाऊ सांगायचे, मी ऐकायचो. भागाबाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. दारावर कुणी काही लिहिलं नाही, दगड मारला नाही. फक्त रोज सकाळी एक मोटारसायकल बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर येऊन थांबायची, वर बसलेला पोरगा मोबाईलवर तो हसायचा तुकडा मोठ्या आवाजात लावायचा, संपेपर्यंत ऐकायचा आणि निघून जायचा. 'नाव सांगा, वस्ती सांगा.' नवऱ्याचाच आवाज. भागाबाईंनी एप्रिलमध्ये तयारी दाखवली. पोरीसाठी सांगते म्हणाल्या, गैरसमज झाला म्हणून सांगते. प्रज्ञाला सभेच्या आदल्या दिवशीच गावी बोलावून घेतलं.

एक मेला सभागृहात बावीस माणसं होती आणि मोबाईलवर दोनशे सतरा. त्या तुकड्याची कृपा. लोकांना वाटलं, पुन्हा काही गंमत होईल. अभिमननाना पहिल्यांदाच जातीनं आले होते. आमचे मतदार नसूनही हितेंद्रआप्पांनी त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मांडीवर त्यांनी स्वतःचा मोबाईल ठेवला होता. त्यात आमचीच सभा चालू होती. समोर घडलेलं दोन क्षण उशिरानं त्यांच्या मांडीवर घडत होतं.

शेवटी भागाबाई उठल्या. शेजारी प्रज्ञा मान खाली घालून बसलेली. स्टँडमागचा हात वर गेला नाही.

"नाव, वस्ती राहिली, अक्का," अभिमननाना हळूच म्हणाले.

भागाबाईंनी तोंड उघडलं. "मी भागाबाई..." एवढंच आलं. पुढे आवाज फुटेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. आणि मग वाल्मीकभाऊंनी स्टँडवरचा मोबाईल काढला, माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, जरा धरा."

मी धरला. ते पुढे जाऊन उभे राहिले, जिथं आजवर दुसऱ्यांना उभं करायचे तिथं. "बस, भागा. तू बस." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे सरळ बघत ते मोठ्यानं म्हणाले, "मी वाल्मीक सुरवाडे, शिपाई, ग्रामपंचायत बोरवाळे. माझी बायको सभेत जे बोलली ते तिला मी सांगितलं होतं. पावलं मी मोजली."

अभिमननानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, बस.

मी अंगठा दाबला. पडद्यावर आलं, प्रक्षेपण संपले.

घाबरलो, दुसरं काही नाही. नंतर मनाला शंभर कारणं सांगितली, कर्मचाऱ्यानं बोलायला नको होतं, त्यांची नोकरी गेली असती, त्यांच्याच भल्यासाठी. सगळी थापेबाजी. आणि त्याहून वाईट म्हणजे मी हात खाली घेतला नाही. प्रक्षेपण बंद केलेला मोबाईल तसाच त्यांच्यासमोर धरून ठेवला. वाल्मीकभाऊ सात-आठ मिनिटं बोलले. कोणत्या वारी किती ट्रॅक्टर, त्यांचे नंबर, कुठल्या बांधावरून नदीत उतरतात, विहिरीची किती कडी उघडी आहेत, लेखी अर्ज कधी दिला, दवाखान्यात कोण आलं, पोलीस काय म्हणाले. सगळं सुरतेला, धुळ्याला, दोनशे सतरा माणसांना सांगत होते. माझा हात दुखायला लागला तरी मी धरून होतो. सभागृहातली बावीस माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांतली निम्मी आज म्हणतात, आम्ही तेव्हा चहाला बाहेर गेलो होतो.

सभा संपली. अभिमननाना उठताना मांडीवरचा काळा पडदा खिशात टाकत मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं नेट अगदी वेळेवर जातं." आणि गेले. त्यांच्यापाठोपाठ सभागृह रिकामं झालं.

वाल्मीकभाऊ माझ्यापाशी आले. घामानं शर्ट भिजला होता, पण चेहरा असा मोकळा मी सहा वर्षांत पाहिला नव्हता.

"किती जण बघत होते, भाऊसाहेब?"

खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "दोनशे सतरा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग झालं," ते म्हणाले. "दोनशे लोकांनी नावगावासकट ऐकलंय. आता कोण हात लावतो?" त्यांनी प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवला, मायलेकींना घरी पाठवलं, खुर्च्या लावल्या आणि उरलेला चहा मला गरम करून दिला. मोबाईल मागितला तेव्हा मी म्हणालो, बॅटरी उतरलीय, चार्जिंगला लावतो, येताना न्या. पडद्यावर लोकांचे निरोप यायला लागले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून. त्यांनी मान हलवली. नाना येऊन गेल्यापासून तीन महिने ते विहिरीवर निघायच्या आधी नदीकडच्या रस्त्याला कुणी नाही ना हे बघायचे, कुणाला तरी सोबत घेऊन जायचे. त्या दिवशी चारला एकटेच निघाले. सायकलला टांग मारताना गुणगुणत होते.

मी इतिवृत्त लिहायला बसलो. 'तांत्रिक अडचणीमुळे थेट प्रक्षेपण खंडित झाले' असं लिहिलं. शेजारी त्यांचा मोबाईल सारखा थरथरत होता. सुरतेहून नवीन विचारत होता, बंद का झालं? वाल्मीकभाऊ काय सांगत होते? पुन्हा लावा ना. मी तो पालथा ठेवला. मग खिडकीतून पाहिलं. पांढरी जीप पारापाशी इतका वेळ उभी होती. ती सुरू झाली आणि गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याला न लागता नदीकडच्या कच्च्या रस्त्याला वळली. मागे दोन मोटारसायकली.

मी ताडकन उठलो. अजून वेळ होता. सायकल तिथपर्यंत पोचायला पाऊण तास लागतो, वाटेत बाभळीचं रान आहे, बाजूला वळायला जागा आहे, माणूस लपू शकतो. भाऊ, परत फिरा, कुणीच बघितलेलं नाही, मी बंद केलं होतं, एवढंच सांगायचं होतं. मी माझा फोन काढला, त्यांचा नंबर लावला आणि कानाला धरला.

टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईल वाजायला लागला.